उन्हाळ्याचं पाणी

हॉटेल घ्यावं का, असं विचारायला कुणी आलं की मी आधी विचारायचे, "तुम्हाला झोप कशी लागते?" माणूस गोंधळायचा. मग मी सांगायचे, बाबा, चांगली लागत असेल तर राहू दे तशीच. हॉटेल घेतल्यावर पहिली तीच जाते. निम्मे लोक हसून खुर्ची पुढे ओढायचे, म्हणजे ते घेणारच असायचे. उरलेले निम्मे चहा पिऊन घरी जायचे. त्यांचं कल्याण झालं असं मी धरून चालते.

मी व्हॅल्युअर. हे काय असतं ते माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या शेजारणींना सांगायच्या, "सून भाव करते." तसं फारसं चुकीचं नव्हतं ते. कुणी जागा, कारखाना, हॉटेल विकत घेतो, त्याला बँक कर्ज देते. पण देण्याआधी बँकेला कुणीतरी तिसरा माणूस हवा असतो, जो जाऊन बघेल आणि सांगेल की या वस्तूची खरी किंमत काय आणि पुढे ती वाढेल की बुडेल. तो तिसरा माणूस म्हणजे मी. अंधेरीला आमचं छोटं ऑफिस होतं, तिथून मी तीस-बत्तीस वर्षं हे केलं. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं डोंगरातली हॉटेलं माझ्याकडेच यायची, कारण बाकीच्यांना चढण नको असायची आणि मला बसमध्ये उलटी होत नाही.

त्यातही माझा हातखंडा म्हणजे खनिज पाण्याची हॉटेलं. जमिनीतून गरम पाणी येतं, त्यात गंधक असतं, लोक त्यात बसून सांधे शेकतात. हल्ली त्याला स्पा म्हणतात आणि टॉवेल गुंडाळून कमळासारखा ठेवतात. साध्या हॉटेलात तुम्ही खोल्या मोजता, वर्षात किती रात्री भरतात ते बघता, रस्ता बघता. इथे ते सगळं नंतर. आधी पाणी. भिंत पडली तर परत बांधता येते, पाणी गेलं तर तुमच्या हातात डोंगरातली एक महागडी धर्मशाळा उरते.

एका मालकाचं सांगते. थंड हवेच्या ठिकाणी त्याचं झकास हॉटेल होतं. दगडाचं सिंहाचं तोंड, त्यातून वाफाळतं पाणी. मी थर्मामीटर लावला, बेचाळीस. व्वा. दुपारी परत लावायला गेले आणि तेवढ्यात लाईट गेली. दहा मिनिटांत सिंहाच्या तोंडून गार पाणी यायला लागलं. मी मालकाकडे बघितलं. तो अजिबात न डगमगता म्हणाला, "मॅडम, डोंगरात प्रेशर कमी झालं असेल." म्हटलं, "आणि डोंगराचं मीटर कुणाच्या नावावर आहे?" मागे जाऊन बघते तर तीन मोठे गीझर आणि एका बादलीत गंधकाची पूड. माणूस मात्र दिलदार, पकडल्यावर जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही.

तेव्हापासून मी हातात चांदीची साधी अंगठी घालून जायचे. गंधकाचं खरं पाणी असेल तर अर्ध्या तासात चांदी काळवंडते. बादली आणि घड्याळ घेऊन पाण्याची धार मोजायची, तीही मे महिन्यात, धार सगळ्यात बारीक असते तेव्हा. पहाटे एकदा तापमान, दुपारी एकदा. नमुना बाटलीत भरून अंधेरीच्या लॅबला. इतकं सगळं करणारी मी एकटीच होते या धंद्यात, हे मी आजही छाती ठोकून सांगते. आणि इतकं सगळं करून मी जी माती खाल्ली, तीही माझी एकटीचीच.

करोना संपून हॉटेलं पुन्हा भरायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. मोहन घाडीगावकर माझ्याकडे आला. अंधेरीच्या एमआयडीसीत त्याचं कँटीन होतं. पन्नाशीचा, बोलायला गोड, हाताला चव असलेला माणूस. आमच्या ऑफिसात त्याच्याच डब्यातली उसळ यायची. आजूबाजूच्या कंपन्या एकेक करून गाव सोडत होत्या आणि कँटीनची गिऱ्हाइकं घटत होती. मोहनला सह्याद्रीच्या पायथ्याशी कोकणातलं एक अठरा खोल्यांचं हॉटेल मिळत होतं. मालक म्हातारा, मुलगा परदेशात, विकून मोकळं व्हायचं होतं.

"मॅडम, गरम पाण्याचा झरा आहे आवारात. खरा," मोहन म्हणाला. "बाकी जेवण माझं. आणखी काय लागतं?"

"पैसा लागतो रे बाबा."

"आईचा मुलुंडचा फ्लॅट आहे. तो बँकेकडे ठेवणार."

फ्लॅट आईच्या नावावर होता. मोहनचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आईने घरोघरी पोळ्या लाटल्या आणि वीसेक वर्षांनी दोन खोल्या घेतल्या. मोहनकडे दुसरं घर नव्हतं. हॉटेल बुडालं तर ऐंशीच्या आसपासची ती बाई रस्त्यावर येणार, हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं.

मी गेले. मे महिना, अंगातून घामाच्या धारा. आणि काय सांगू, ते पाणी बघून मी खुळावलेच. बारा फुटांचं जुनं दगडी कुंड, तळातून बुडबुडे येताहेत, वाफ, कुजक्या अंड्यासारखा तो खास वास. अंगठी वीस मिनिटांत काळी ठिक्कर. धार मोजली तर भर मे महिन्यात अठरा खोल्यांना पुरून उरेल इतकी. महामार्ग जवळ, रेल्वे स्टेशन जवळ. मी डोळे मिटून सही करावी असा तो माल होता.

कागद बघितले. मूळ जमीन मालकाच्या आजोबांनी घेतलेली, त्याचं जुनं खरेदीखत. त्यात एक ओळ होती: "सदर जागेतील उन्हाळ्याचे पाणी गावकीचे असून ते तसेच चालत राहील. बाकी पाण्यावर घेणाराचा पूर्ण हक्क राहील." गावकी म्हणजे कोकणात सगळा गाव मिळून जी बैठक असते ती.

मी मनात म्हटलं, सोपं आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात, तेव्हा गाव इथून पाणी नेत असेल. मार्च ते मे पाणी गावाचं, बाकीचे नऊ महिने हॉटेलचं. आणि मे महिन्यात गरम पाण्यात बसायला कोण येणार आहे? म्हणजे जो काळ हॉटेलला नकोच, तोच गावाचा. सोन्याहून पिवळं! बँकेच्या वकिलाचंही तेच मत, त्याने तर इंग्रजीत 'समर सीझन' असं लिहूनच टाकलं होतं.

तरीही मी आळस केला नाही. कुंडाजवळ एक म्हातारे गृहस्थ पाय बुडवून बसले होते. गावकीतले जाणते. त्यांना विचारलं, "आजोबा, या पाण्यावर गावाचा हक्क काय?"

"उन्हाळ्याचं पाणी आमचं," ते म्हणाले. "बाराही महिने."

मला हसू आलं. "बारा महिने उन्हाळा असतो का हो तुमच्याकडे?"

"असतंय की," त्यांनी समोर हात केला. "तें काय!"

समोर उन्हाने भाजलेला डोंगर होता. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी परत हसले आणि 'स्थानिकांशी बोलून खात्री केली' असं लिहून घेतलं. उन्हाळा 'असतो' म्हणायला हवं, ते 'असतंय' म्हणाले होते. ते मी बोलीच्या खात्यात टाकलं. मी मूळची बुलढाण्याकडची, वाढले चेंबूरला. आमच्या बौद्ध वस्तीत निम्मी घरं विदर्भातली आणि निम्मी मराठवाड्यातली, त्यामुळे दहा प्रकारची मराठी मला कळते असा माझा तोरा होता. त्यात कोकण नव्हतं, हे कधी जाणवलं नाही.

रिपोर्ट मी असा लिहिला की वाचणाऱ्याने बॅग भरावी. पाणी उत्तम, हक्क अबाधित, तीन महिने वगळून. गुंतवणुकीला अतिशय योग्य. बँकेने एका फटक्यात मान्य केला.

आता फक्त मोहनच्या आईची सही राहिली होती, आणि आई अडून बसली. मोहनचा फोन आला, "मॅडम, आये म्हणते, जिने बघितलंय तिला बोलव. तिने वाचून दाखवलं तर सही करेन. प्लीज या ना."

रविवारी सकाळी मुलुंडला गेले. मावशी, म्हणजे मोहनची आई, खाटेवर बसल्या होत्या, बारक्या, ताठ, डोळ्यांत मोतीबिंदू. मला हात धरून शेजारी बसवलं. "बाय, तू स्वतः बघून आलीस मा?"

"हो मावशी."

"मग मी सही करू?"

"करा," मी म्हटलं. एक क्षणही थांबले नाही. "बिनधास्त करा. असं पाणी मी आजवर बघितलं नाही."

"बरं. आता वाच. सगळं वाच, मधलं सोडू नको."

मी वाचत गेले. खोल्या, रस्ता, धार, तापमान. मोहन घड्याळ बघत होता. मग खरेदीखतातली ती ओळ आली. उन्हाळ्याचे पाणी गावकीचे असून ते तसेच चालत राहील.

"मग ऱ्हवलं काय?" मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ऊन पाणी गावाचं म्हणतंय मा त्यात. मग हा काय घेतोय? नुसत्या खोल्या?"

मी शांतपणे समजावलं. मोठ्या माणसाला समजावतात तशी, जरा वरच्या पट्टीत. "मावशी, उन्हाळ्याचं म्हणजे उन्हाळ्यातलं. मार्च, एप्रिल, मे."

त्या खो खो हसायला लागल्या. "अगो, तो उन्हाळा निराळा! उन्हाळं म्हंजे ऊन पाण्याचा झरा. जमिनीतनं येतो तो. आमच्या राजापुराकडं पोराटोरांना ठाऊक असतं. सांधे धरले की म्हातारी माणसं उन्हाळ्यावर जातात. ती काय मे महिन्यावर जाऊन बसतात?"

माझ्या डोळ्यांपुढे ते आजोबा आले, पाय बुडवून बसलेले, हात समोर केलेले. ते डोंगर दाखवत नव्हते, कुंड दाखवत होते. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सरळ उत्तर दिलं, आणि मी दोनदा हसले. लाज वाटली हो.

मोहन मुलुंडमध्येच जन्मलेला, त्यालाही हा शब्द माहीत नव्हता. तो म्हणाला, "आये, तू गप ग. कुठलं तुझं राजापूर आणि कुठलं हे. मॅडम, पुढे वाचा."

मी वाचलं नाही. कागद मिटले आणि म्हटलं, "मावशी, आज सही करू नका. मला दोन दिवस द्या."

दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून परत त्या गावात गेले. आजोबांनी ओळखलं. मी विचारलं, उन्हाळं म्हणजे काय हो? ते म्हणाले, "मागच्या खेपेला दाखवलं होतं की बाई तुम्हाला." त्यांच्याकडून कळलं, मालकाच्या आजोबांनी जमीन घेतली तेव्हा झरा गावाने सोडलाच नव्हता. विहीर आणि ओढा तेवढा दिला होता, 'बाकी पाणी' ते. हॉटेल झऱ्याचं पाणी वापरत होतं ते केवळ म्हाताऱ्या मालकाशी गावाचं बरं होतं म्हणून. नव्या माणसाला उद्या गावाने अडवलं असतं, तर अठरा खोल्या आणि आत गीझर.

परत येऊन मोहनला सांगितलं. तो आधी ऐकेचना. मग भडकला.

"बँकेने पास केलंय ना? वकिलाने पास केलंय ना? मग तुम्हाला काय पडलंय? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय, मोहन."

"कोण वाचतंय ती ओळ! मॅडम, कँटीन वर्षभरसुद्धा टिकणार नाही. हा एकच चान्स आहे माझा. तुम्ही काही लिहू नका, एवढंच करा."

खरं तर तो चुकीचं बोलत नव्हता. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. ऑफिसातले माझे भागीदार पण म्हणाले, सुनंदा, चूक कबूल करणारा व्हॅल्युअर म्हणजे टाके उसवलेला सर्जन, परत कोण येईल तुझ्याकडे? मी ऐकलं नाही. मला आठवत होती ती मावशींच्या हातातली माझी बोटं आणि माझा तो 'बिनधास्त'. एका पानाचं पत्र लिहिलं: माझं वाचन चुकलं, झऱ्यावर खरेदीदाराला कोणताही हक्क मिळत नाही, रिपोर्ट मागे घेते. बँकेने कर्ज थांबवलं. सहा महिन्यांत मला त्यांच्या यादीतून नारळही दिला, अगदी सभ्य भाषेत.

मोहन ऑफिसात येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "माझी वाट लावलीत तुम्ही." दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडची उसळ बंद झाली. वर्षभरात कँटीनही बंद झालं. तो दुसऱ्या कुणाच्या तरी किचनमध्ये नोकरीला लागला.

इथे गोष्ट संपती तर मी ती तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितली असती. म्हातारीचं घर वाचलं, मी माझ्या पदरचं घालवलं, खरेपणाचा विजय वगैरे. पण पुढे असं झालं की ते हॉटेल अंधेरीच्याच एका माणसाने घेतलं, आणि ते तुफान चाललं.

त्याने काय केलं असेल? तो त्या गावात गेला, देवळात गावकीपुढे बसला आणि म्हणाला, झरा तुमचा आहे, मला वापरायला द्या. बोलणी झाली. सकाळी नऊपर्यंत कुंड गावाचं, नंतर हॉटेलचं. गावाला दरवर्षी ठरलेली रक्कम, नोकऱ्यांत गावातली पोरं आधी. रीतसर करारपत्र झालं. बस्स. मोहन मला व्हॉट्सॲपवर त्या हॉटेलच्या जाहिराती पाठवायला लागला. वर खाली एक शब्द नाही, नुसती जाहिरात. सीझन फुल. दिवाळी फुल. मे महिनासुद्धा फुल, बोला!

गेल्या वर्षी, मी निवृत्त झाल्यावर, मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांना बघायला गेले. त्याच घरात. त्या खाटेवर होत्या, हिरवी पट्टी लावून. आता ऐकायलाही कमी येत होतं. मोहन घरीच होता. आधी अवघडलेला होता, मग चहा झाल्यावर म्हणाला, "मॅडम, एक विचारू? राग नाही आता. तुम्ही लिहिलंत, हक्क नाही. बरोबर लिहिलंत. पण त्याच्याखाली 'गावाला विचारून बघा' एवढं एक वाक्य का नाही लिहिलंत? तुम्हाला तर एवढा अनुभव."

हा प्रश्न मी स्वतःला विचारून चुकले होते. आधी वाटलं, चुकीची लाज एवढी होती की पत्र टाकून पळायची घाई झाली. ते खरंच आहे. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाने बोलले.

"माझी आजी," मी म्हटलं, "गावच्या विहिरीला हात लावू शकत नव्हती. घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणी येईल, त्याला दया येईल, तो वरून ओतेल. कधी दुपार व्हायची. आमच्या घरात पाणी मागण्याचा विषय कुणी काढत नसे, मोहन. आजोबांनी मुंबईला आल्यावर पहिली शपथ घातली ती हीच, की पोरांनो, पाणी कुणाकडे मागायचं नाही. हक्काचं असेल तर घ्यायचं, नसेल तर तहानेनं मरायचं. मी शिकले, नकाशे वाचले, कागद वाचले, तीस वर्षं जागेवर, पाण्यावर कुणाचा हक्क ते ठरवत फिरले. हक्क आहे आणि हक्क नाही, एवढंच मला दिसतं. माणूस सरळ जाऊन म्हणू शकतो, तुमचं पाणी आहे, मला द्याल का, आणि त्यात काही कमीपणा नसतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्यामुळे तुझं हॉटेल गेलं. ही चूक आधीच्या चुकीपेक्षा मोठी आहे."

मी डोळे पुसले.

खाटेवरून मावशींनी विचारलं, "काय म्हणते रे ती? कशाला रडते?"

मोहनने कानाशी तोंड नेलं. "काय नाय आये. मॅडम म्हणतायत, गावाकडं पाणी मागायचं त्यांना सुचलं नाय."

"तिला कसं सुचेल?" मावशी जोरात म्हणाल्या. "हॉटेल तिला घ्यायचं होतं की तुला? तुझं तोंड काय शिवलं होतं?"

मावशींनी चाचपडत माझा हात शोधला, धरला, आणि मोहनला चहा परत टाकायला सांगितलं.